गोरग्याची खाज

मागच्या अंगणात बादली आहे. बादलीवर फरशीचा तुकडा ठेवला आहे, फरशीवर वीट ठेवली आहे, तरी वास यायचा तो येतोच. शिळी ताडी, सडका फणस आणि कपाटामागं मेलेला उंदीर हे तिन्ही एका भांड्यात कालवून उन्हात ठेवले तर कसा येईल, तसा. गोंडपिपरीचा वैशाख म्हणजे सकाळी नऊलाच अंगणातली फरशी पाय ठेवू देत नाही, आणि त्या उन्हात ही बादली चार दिवसांपासून बुडबुडे काढते आहे. आत गोरग्याची फळं भिजत घातली आहेत. गर सुटल्याशिवाय बी निघत नाही, आणि सडल्याशिवाय गर सुटत नाही.

आमचे हे नाकाला रुमाल लावून अंगणातून ये-जा करतात. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. गाडीतल्या ओकाऱ्या, बिड्यांचा धूर, बाजाराच्या दिवशी सीटखाली बांधलेल्या कोंबड्या, सुक्या मासोळीच्या टोपल्या, सगळं सोसलं. पण या बादलीपुढं त्यांनीही हात टेकले.

"तू पाम नाई उगवून राह्यली," ते मला म्हणतात, "तू बिमारी उगवून राह्यली."

मलाही किळस येतेच आहे, मग भांडायचं कशाच्या जोरावर?

खरं तर मला किळस येत नाही अशी माझी ख्याती. मी नर्स होते. एटापल्ली तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी एका गावच्या उपकेंद्रात अकरा वर्षं काढली आणि कंबर गेली म्हणून मुदतीआधीच नोकरी सोडली. बैलाच्या शिंगानं फाटलेली मांडी, जखमेतल्या अळ्या, दोन दिवस अडलेली बाळंतीण, जुलाबाच्या साथीत भरलेल्या खाटा. चिमट्यानं अळ्या वेचायच्या, हात धुवायचे आणि जेवणाचा डबा उघडायचा. माणसाच्या अंगातून जे जे निघतं ते मी उचललं आहे, पुसलं आहे, आणि त्यातल्या कशाचाच मला राग नाही. अंग आहे, ते घाण करणारच. पण ही बादली उघडली की पोटातून ढवळून येतं. ते नुसतं वासानं येत नाही हे मला चांगलं माहीत आहे, आणि त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

पामचं वेड नोकरी सुटल्यावर लागलं. ट्रेनिंगमधली माझी एक मैत्रीण केरळची. तिनं एकदा पत्राच्या पाकिटात पाच बिया पाठवल्या आणि लिहिलं, याला धीर लागतो, तुझ्यात आहे. त्या पाचातल्या दोन उगवल्या आणि मी कामातून गेले. मग बिया मागवायचा सपाटाच लावला. कुठला मादागास्करचा निळसर पानांचा पाम, कुठला गोल पंख्यासारख्या पानाचा, कुठलं छत्रीएवढ्या पानाचं श्रीताड. घरी माणसं आली की चहाआधी पाम दाखवायचे. सलाइनच्या बाटल्या कापून त्यात बी लावायचं हा माझा शोध. पामचं पहिलं मूळ सरळ खाली उतरतं, त्याला उंच भांडं लागतं. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख. बी कधी घातलं, कोंब कधी दिसला, पान कधी सुटलं, सगळं एका वहीत, बाळंतपणाच्या रजिस्टरसारखं. शेवटच्या रकान्यात शेरा: बालक सुखरूप. हा विनोद माझा मलाच फार आवडायचा. आता ती वही हाती लागली तरी तोंड कडू होतं.

गोरगा हा आमच्या दक्षिण गडचिरोलीच्या जंगलातला पाम. त्याचं पान माशाच्या शेपटीसारखं तुटलेलं असतं. फुलाच्या दांड्याला काप देऊन खाली भांडं बांधलं की रस गळतो. माडिया लोक तो पितात, देवाला देतात, पाहुण्याला देतात. झाडाची चाल अशी की ते शेंड्याकडून फुलत येतं, मग त्याच्या खाली एक घोस, त्याच्या खाली एक, आणि सगळ्यात खालचा घोस पिकला की झाड मरतं. फळं लालबुंद, सुपारीपेक्षा लहान, इतकी गोजिरी की लहान मूल सरळ तोंडात घालील. गर मात्र असा की बोटाला लागला तर माणूस अंगणात नाचेल. सुया टोचल्यासारखी खाज सुटते, पाण्यानं जात नाही, साबणानं जात नाही, आणि जिथं जिथं हात लावाल तिथं तिथं ती तुमच्याआधी पोचलेली असते.

पंधरा वर्षं झाली असतील. असाच वैशाख, अशीच दुपार, आणि फाटकात रैनूभाऊ उभा. उपकेंद्राला लागून त्याचं घर होतं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, सरपण नसलं की न सांगता आणून टाकणारा. गाड्या बदलत आला होता, डोक्यावर पोतं. पोत्यातून लालसर पाणी गळत होतं आणि त्याच्यामागं माशांची वरात. कोणत्या कंडक्टरनं त्याला गाडीत घेतलं ते हे बरेच दिवस शोधत होते.

"खालचा घोस आहे बाई हा," रैनूभाऊ पोतं उतरवत म्हणाला. "आता झाड मरन. बाकीचे तं पयलेच वाळले, शेंड्याकडून. कोनता रोग आला मालूम नाई."

"किती होते?"

"नऊ होते आमच्या घरचे. आता हा एकच राह्यला होता."

त्यांच्या घरची रीत मला ठाऊक होती. मूल झालं, त्याची नाळ गळून पडली, की एका गोरग्याला त्या मुलाचं नाव द्यायचं. तेव्हापासून झाड त्याचं. त्याला विचारल्याशिवाय रस काढायचा नाही, बापानंसुद्धा नाही. मुलगी लग्न होऊन गेली तरी झाड तिचंच राहतं. ती माहेरी आली की तिच्या झाडाचा रस तिच्या हातानं वाटला जातो. रैनूभाऊची नात झुरी माझ्याच हातावर झाली होती, नोकरी सुटायच्या जरा आधी. पोतं आलं तेव्हा ती वर्षाची होती, आणि तिचं नाव द्यायला त्यांच्याकडे झाड उरलं नव्हतं.

"तुमच्या हातानं पोरगी झाली," तो म्हणाला. "तिचं झाड बी तुमच्याच हातानं होऊ द्या. तुमी तं परदेसातलं बी उगवता म्हनते."

आता या बोलण्यावर कोणाची छाती फुगणार नाही? माझी फुगली. मग त्यानं कमरेची पळसाच्या पानांची पुडी सोडली. आत वाळलेला काळा गोळा, त्यात गच्च रुतलेलं बी.

"हे येगळं ठेवजा. उदमांजराचं हागलेलं आहे. फळ खाते अन् दगडावर हागते. यातलं बी बेस उगवते."

मी ती पुडी दोन बोटांत धरली. हो हो म्हटलं. रैनूभाऊ कोपऱ्यावर वळला, आणि मी ती मोरीच्या नालीपलीकडे केळीच्या बुडाशी भिरकावून दिली. दुर्मिळ पाम लावणारी बाई मी. माझ्याकडे बी येणार ते सोवळ्यातून. माणसाची विष्ठा इतकी वर्षं तपासली, पण मांजराची म्हटल्यावर मला शिसारी आली. त्यातही खरं कारण असं की ती युक्ती त्याची होती, माझ्या वहीतली नव्हती.

मग तो उन्हाळा सुरू झाला. मी फळं बादलीत घातली, आणि तिसऱ्या दिवशी घराला तो वास लागला तो आषाढापर्यंत गेला नाही. उशीला येई, पोळीला येई, देवघरातल्या वातीला येई. चिलटं तर इतकी की चहाच्या कपावर बशी पालथी घालून चहा प्यावा लागे. हातमोजे घालून गर चोळायला बसले. रबरी मोजा मला काय नवा होता? पण मनगटाशी गर आत उतरला आणि मी घाम पुसायला हात मानेला नेला. तिथून पुढचे तीन दिवस मला नीट आठवत नाहीत. मान, कानाची पाळी, छाती, गुडघ्यामागं. मी भिंतीला पाठ घासत उभी राहायची, म्हशीवानी. ह्यांनी ताक लावलं, चिंचेचा कोळ लावला, हळद लावली. पिवळी, आंबट आणि ओली अशी मी पंख्याखाली बसून होते. बादलीत वरती साय धरली होती आणि सायीखाली अळ्या वळवळत होत्या. ओकारी येई, तरी पुन्हा जाऊन बसे. रैनूभाऊला शब्द दिला होता, हे एक, आणि मला हरायचं नव्हतं, हे दुसरं. दोन्हीतलं कोणतं मोठं, ते तेव्हा तपासून पाहिलं नाही.

एवढं करून बी निघालं. काळंभोर, गुळगुळीत, दीड ओंजळ. आणि इथं माझी नर्सगिरी आडवी आली. बुरशी धरू नये म्हणून आधी ते कडक पाण्यातून काढलं, हत्यारं काढतो तसं. मग टीसीएल पावडरच्या पाण्यात घातलं. साथीच्या दिवसांत गावच्या विहिरीत टाकतो ना, तीच. हाताला अंदाज विहिरीचा, आणि समोर एक घमेलं. वर दोन दिवस ठेवलं, म्हणजे शंकाच नको. जंगलात जन्मलेलं बी मी ऑपरेशनच्या खोलीत न्यायला निघाले होते. ओलसर भुशात घालून पिशव्या फ्रिजवर ठेवल्या. दर रविवारी एक उघडायची, नाकाशी धरायची आणि पुन्हा बांधायची. एका रविवारी बोटानं एक बी दाबलं तर आतून दह्यासारखं पांढरं आलं. मग दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. त्या दिवशी मी फ्रिजवरच्या सगळ्या पिशव्यांतलं बी एकेक करून दाबलं, एकही टणक निघालं नाही.

भाद्रपदात ह्यांनी हाक मारली. "केळीखाली काय उगवून राह्यलं पाह्य."

मी उकिडवी बसून पाहिलं. चार कोंब, प्रत्येकाला एक पान, पानाचं टोक कुरतडल्यासारखं, माशाची शेपटी. जिथं मी ती पुडी फेकली होती तिथंच. मोरीचं पाणी प्यालेली, मांजराच्या विष्ठेत रुजलेली, हिरवीगार चार बाळं. मला आनंद झाला असेलच, पण आठवतं ते दुसरंच. मी घरात गेले, वही काढली आणि लिहिलं: गोरगा, टीसीएल प्रक्रिया, चार रोपं, यशस्वी. कोणी विचारलं नव्हतं. ती वही माझ्याशिवाय कोणी उघडतही नव्हतं. खोटं बोलायला समोर माणूस लागतोच असं नाही.

त्या हिवाळ्यात रैनूभाऊचा निरोप आला, एका ड्रायव्हरबरोबर. उगवलं का? मी उलटा निरोप धाडला, वेळ लागतो भाऊ, पुढच्या वर्षी धान निघाल्यावर या. हे अगदीच खोटं नव्हतं, रोपं लहानच होती. पण मला ती आणखी काही दिवस माझी म्हणून मिरवायची होती. सलाइनच्या बाटल्यांतून ती डब्यांत गेली, डब्यांतून कुंड्यांत. दुसऱ्या दिवाळीला गुडघ्याला लागली. पाहुण्यांना मी आता आधी ती दाखवू लागले, मादागास्करवाल्याच्या आधी.

आणि मग तो साहेब आला. चंद्रपूरच्या पलीकडं, जंगलाच्या कडेला रिसॉर्ट बांधत होता. कोणीतरी त्याला माझं नाव सांगितलं होतं. पांढरा शर्ट, पांढरे बूट, अंगणात पाऊल कुठं ठेवावं हे शोधत चालणारा. तो मला मॅडम म्हणाला. आयुष्यभर बाई नाही तर सिस्टर; मॅडम पहिल्यांदाच. तुमच्यासारखी माणसं या भागात आहेत हेच आम्हाला माहीत नाही, म्हणाला. मी विरघळले, आता लपवून काय करू? त्याला जंगलातला दुर्मिळ पाम पाहिजे होता, स्विमिंग पुलाच्या कडेला.

"तीन देते," मी म्हटलं. "एक राहू द्या. ते एकाचं आहे."

तो हसला. "मॅडम, पुलाला कोपरे चार आहेत."

आणि मी चौथं दिलं.

मी या वाक्यापाशी फार वेळा थांबले आहे. माझ्यावर कोणी जोर केला असता, घरात कोणी आजारी असतं, मोठी काही गरज असती, तर आज मला जरा बरं वाटलं असतं. कोपरे चार आहेत, एवढंच. मनाशी म्हटलं, बी काय, पुन्हा आणता येईल, जंगल कुठं पळून चाललं? रैनूभाऊचं शेवटचं झाड तोवर वाळून पडलं होतं हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी तसं म्हटलं.

उद्घाटनाला मोठा फ्लेक्स लावला होता, त्यावर माझा फोटो आणि खाली 'वृक्षमाता'. शब्द वाचूनच अंगावर पाल पडल्यासारखं झालं पाहिजे होतं, पण तेव्हा नाही झालं. तेव्हा मी पदर सारखा केला. शाल आली, नारळ आला. पाहुण्यांनी माती टाकली, टाकली म्हणजे चिमूटभर, आणि लगेच कागदी रुमालानं हात पुसले. पुलातल्या पाण्याला आमच्या उपकेंद्रातला वास येत होता, टीसीएलचा. चार कोपऱ्यांत माझी चार रोपं, आणि मी मधोमध फोटोला उभी. फोटो पेपरात आला. ती शाल पुढं बरेच दिवस बंद कूलरवर घातलेली होती.

धान निघाल्यावर रैनूभाऊ आला. ठरल्याप्रमाणे. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. तो खाली बसला, पाणी प्याला.

"काय झालं बाई, पोरीच्या झाडाचं?"

"नाही उगवलं भाऊ," मी म्हटलं. इतक्या सहज, की तांदळातला खडा वेचायचीही थांबले नाही.

त्यानं भांडं खाली ठेवलं. मग अंगणात फिरून माझे पाम पाहू लागला. मादागास्करवाल्यापाशी थांबला.

"याचं काय निघते?"

"काही नाही. शोभेचं आहे."

"रस?"

"नाही."

"फळ?"

"कोणी खात नाही."

"छपराले चालत असन पान?"

"नाही चालत."

त्यानं त्या झाडाकडं जरा आदरानं पाहिलं. "मंग लय जपा लागत असन," म्हणाला.

केळीच्या बुडाशीही तो उभा राहिला, बराच वेळ. मी आत चहा ठेवायला गेले. बाहेर आले तेव्हा तो माझ्या हातांकडं पाहत होता. "खाज लय सुटली असन तुमाले तवा. मले सांगाचं राहून गेलं. हात नाई लावा लागत, रेतीत घासा लागते." आणि पिशवीतून त्यानं एक शिशी काढली, टोरीच्या तेलाची, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. "पुन्हा कधी बी काढलं तं हे लावजा."

मी ती घेतली. हात पुढं केला, शिशी घेतली, चहा दिला, आणि वर म्हटलं, "नशिबात नव्हतं भाऊ." जखमेतली अळी मी हातानं उचलली आहे, पण त्या दिवशीचा माझा तो पुढं आलेला हात आठवला की मला तो धुवावासा वाटतो. धुतेही कधीकधी. हे विचारतात, आत्ताच तं धुतले न.

त्यानंतर मी त्या गावाकडं फिरकले नाही. पामचं वेडही हळूहळू आटलं. नवीन बी मागवलं नाही, जुनी झाडं वाढत राहिली. मादागास्करवाला आता वाटेतच आडवा आला आहे, त्याची पानं येता-जाता दंडाला ओरबाडतात, आणि तोडायचा म्हटलं की तोडवत नाही. माणसाला शिक्षा पाहिजे असते, आणि फुकटची शिक्षा कोण सोडतो? अधूनमधून कोणी येतं, अंगण पाहून म्हणतं, वा, किती निगा राखता. मी विषय बदलते.

दोन वर्षांपूर्वी रिसॉर्टच्या माळ्याचा फोन आला. माझा नंबर त्यानं कुठून शोधला देव जाणे. म्हणाला, "मॅडम, तुमच्या झाडाची फळं पुलात पडून राह्यली. पाहुण्यांच्या अंगाले खाज सुटली. साहेब म्हनते तोडा." मी हसले. कितीतरी वर्षांनी त्या झाडांच्या नावानं हसले असेन. पुलात उतरलेली ती गोरीगोमटी माणसं, आणि मग भिंतीला पाठ घासत उभी. पण हसू ओसरल्यावर पहिला विचार फळांचा आला. मी त्याला म्हटलं, तोडायच्या आधी फळं मला पाठव. तीन झाडं त्यांनी तोडलीच. स्वयंपाकघरामागच्या कोपऱ्यातलं एक राहिलं, पाहुणे तिकडं जात नाहीत म्हणून.

या वेळी टीसीएल नाही, कडक पाणी नाही. भिजवलं, रेतीत घासलं, हात लावला नाही. सात उगवली. कोणाला दाखवली नाहीत, वहीतही लिहिली नाहीत. दोन वर्षांत त्यातली दोन चांगली गुडघाभर झाली. यंदाची ही बादली म्हणजे त्या उरलेल्या झाडाचा पुढचा घोस. हे म्हणतात, आता पुरे कर. पण एक रोप मेलं तर दुसरं पाहिजे, दुसरं मेलं तर तिसरं. एवढं तरी मला यायला पाहिजे.

गेल्या आठवड्यात गेले. दोन्ही रोपं पिशवीत, पिशवी मांडीवर. आष्टीचा पूल ओलांडला आणि पुढं खाणीचे ट्रक लागले, एकामागं एक. रस्त्याच्या कडेचं सागाचं पान न् पान लाल धुळीनं माखलेलं. रोपांवर पदर धरला. वाटेत मी बोलायचं ते जुळवत होते. रैनूभाऊ, मी खोटं बोलले. पाम उगवले होते, मी ते देऊन टाकले. एवढंच. दोनच वाक्यं, पण आलापल्ली येईपर्यंत ती तोंडात कडू गोळीसारखी घोळत होती, आणि गिळली जात नव्हती.

तेंदूपत्त्याचे दिवस. गावात माणूस नव्हतं, सगळे पहाटेच जंगलात गेलेले. रैनूभाऊच्या अंगणात एक मुलगी तेंदूची पानं जुळवून पुडके बांधत बसली होती. सोळा वर्षांची असेल. मी झुरीला शेवटची पाहिली ती तान्ही, पण तिची हनुवटी रैनूभाऊची, विचारायची गरज नव्हती.

"रैनूभाऊ आहेत?"

"आजा तं मागच्या थंडीत गेला," ती म्हणाली.

मी खाटेवर बसले. ती उठून आत गेली, पाणी घेऊन आली आणि पुन्हा आपल्या कामाला बसली. उन्हात वाळत घातलेल्या पुडक्यांचा उग्र, हिरवा वास येत होता. जुळवून आणलेली दोन्ही वाक्यं ज्याच्यासाठी होती तो नव्हता. तिचं लक्ष पिशवीकडं गेलं.

"गोरग्यावानी दिसते हे," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"आज्यानं सांगतलं होतं, पान कसं राहते ते. आमच्या घरी लय होते, वाळले. माह्या नावाचे बी चार उगवले होते म्हने, गोंडपिपरीच्या एका बाईकडं." ती पानं मोजून जुळवत बोलत होती, माझ्याकडं न पाहता. "आज्याले पेपर वाचता नाई ये. पन कोन्या दुकानात पेपरात फोटो पाह्यला त्यानं, अन् झाड वळखलं. बाईले बी वळखलं. मंग गेला तिच्याकडं. तं ती म्हने, उगवलेच नाई."

"मग?"

"मंग काई नाई. चहा पेला अन् आला." तिनं पुडक्याला गाठ मारली. "आजा लय हासे ते सांगताना. म्हने, मी तं सारं पाहूनच गेलो होतो. म्हनलं, पाहू बाई काय म्हनते. बाई डरली."

म्हणजे ओसरीवर तो खाली बसला, पाणी प्याला, काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा त्याला ठाऊक होतं. केळीच्या बुडाशी उभा राहिला तेव्हा ठाऊक होतं. शिशी काढली तेव्हाही. आसपास कुठं काही सडलेलं नव्हतं, तरी मी पदर नाकाला लावला.

"ती बाई मी," मी म्हटलं.

झुरीनं हातातला पुडका उन्हात नेऊन ठेवला. मग पिशवीपाशी येऊन बसली. एक पान धरलं, उलटं करून पाहिलं, देठाशी बोट फिरवलं. दुसऱ्या रोपाचंही तसंच केलं.

"आमच्या आश्रमशाळेत बी सरनं असेच लावले आहे," ती म्हणाली. "पान असंच. पन तो गोरगा नाई, नर्सरीतला आहे, शोभेचा. त्याले रस नाई ये." मग तिनं वर पाहिलं. "हे तरी खरंच गोरगा आहे का?"

"हो," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडं पाहत राहिली.